९,८०० की २७,०००? मिनिआपोलिसमधल्या १९२४ सालच्या घराच्या रंगाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. मिनिआपोलिसच्या दक्षिण भागात १९२४ सालचं दुमजली लाकडी घर, गेल्या वर्षी घेतलेलं. उत्तरेच्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटतोय, बाकी तीन भिंती 'तशा बऱ्या' आहेत. घरात दोन वर्षांची मुलगी. बाहेरून रंग द्यायला तिघांनी कोटेशनं दिली: ९,८०० डॉलर, १८,५०० डॉलर आणि २७,००० डॉलर. घर एकच, तर आकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक कसा, आणि या तिघांत आपल्याला लुबाडतोय कोण?

बहुतेक कोणीच नाही. तिघांनी तीन वेगळ्या कामांची किंमत सांगितली आहे आणि तिघांच्याही कागदावर वर लिहिलंय मात्र एकच, 'एक्स्टेरिअर पेंटिंग'.

मी मूळचा सावंतवाडीचा. बावीस वर्षं मिनेसोटात हेच काम करतोय, त्यातली पहिली सहा दुसऱ्याच्या शिडीवर. आमच्याकडे लहानपणी रंग म्हणजे दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवायची आणि दोन हात मारायचे. पावसाने भिंतीला ओल धरलेली असायची, ती सुकेपर्यंत थांबायचं, बाकी शास्त्र काही नव्हतं. तिकडे पाणी बाहेरून आत येतं. इथे हिवाळ्यात ते आतून बाहेर निघतं. हे उलटं गणित डोक्यात बसायला मला दोन-तीन हिवाळे लागले, आणि तुमच्या उत्तरेच्या भिंतीचं दुखणं मला त्यातलंच वाटतंय. पण आधी पैशाचं बोलू, कारण विचारलंत ते.

तुम्ही दिलेल्या मापाप्रमाणे घर २८ बाय ३२ फूट. म्हणजे घेर १२० फूट, उंची साधारण २० फूट, झाले २,४०० चौरस फूट. वरच्या डॉर्मरचे (उतरत्या छपरातून बाहेर काढलेल्या खिडकीच्या भागाचे) आणखी २०० धरा. खिडक्या २६. खिडक्यांचं क्षेत्रफळ मी वजा करत नाही, कारण खिडकीभोवती भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो.

रंग किती लागेल? डब्यावर एका गॅलनला ३५० ते ४०० चौरस फूट लिहिलेलं असतं. ते गुळगुळीत पृष्ठभागाचं. शंभर वर्षं जुनी, खरवडलेली फळी रंग पिते. तिथे मी ३०० च धरतो. दोन हातांना १८ गॅलन, चौकटी-पट्ट्यांना ५, प्रायमर १०. तेहतीस गॅलन सरासरी ६५ डॉलरने २,१४५ डॉलर. प्लॅस्टिक, पॉलिश पेपर, फटी बुजवायचा कॉल्क, हेपा व्हॅक्यूमच्या (अगदी बारीक धूळही धरून ठेवणाऱ्या व्हॅक्यूमच्या) पिशव्या, असं किरकोळ ११०० डॉलर. मचाण आणि शिड्यांचं भाडं १२००. बेरीज साडेचार हजारांच्या आत. रंग हा या कामातला स्वस्त भाग आहे. महाग आहेत ते तास.

तास मी असे मांडेन. प्लॅस्टिक अंथरणं आणि आडोसे उभारणं २४. धुणं ८. खरवडणं आणि घासणं ११०. कुजलेल्या फळ्या आणि खिडक्यांचे उंबरठे बदलायला सुताराचे २४. खिडक्या, दर खिडकीला दीड तास, ३९. प्रायमर ३०, कॉल्क १२, रंगाचे दोन हात ७०, रोजची आवराआवर मिळून १५. एकूण ३३२. माझ्याकडे एका माणसाच्या एका तासाचे मी ६५ डॉलर लावतो (ते सगळे त्याच्या खिशात जात नाहीत, विमा, कर, गाडी त्यातच आलं). मजुरी झाली २१,५८० डॉलर. सामान धरून २६,०२५.

म्हणजे २७,००० वाला तुम्हाला लुटत नाहीये.

आता हेच गणित उलटं फिरवा. ९,८०० मधून सामानाचे तीन हजार काढा, उरले ६,८००. भागिले ६५, म्हणजे साधारण १०५ तास. चार माणसं, तीन-सव्वातीन दिवस. त्या तीन दिवसांत पूर्ण घराला एक हात मारायचा, खिडक्या सांभाळायच्या, आवरून निघायचं. खरवडायला किती वेळ उरतो? फार तर वीस तास. मी ११० धरलेत. तो माणूस अप्रामाणिक नाही. त्याने हाताने ओढून निघेल तेवढे पोपडे काढायचे आणि वरून झाकायचं, असं काम धरलंय. पहिल्या वर्षी ते सुंदरच दिसेल.

मधला कागद जास्त बारकाईने वाचा. १८,५०० उणे साडेतीन हजार, भागिले ६५, येतात २३० तास. माझ्यापेक्षा शंभर कमी. ते कुठे गेले ते त्याच्याच कागदावर, खाली बारीक अक्षरांत आहे: खिडक्या वगळून, लाकूडकाम वेगळं, प्रायमर फक्त उघड्या जागी, वरून एक हात. यात वाईट काहीच नाही. काही घरांना एवढंच पुरतं. त्याला फोन करून एवढंच विचारा, की खरवडण्यासाठी किती माणूस-तास धरलेत. ज्याला आकडा सांगता येतो त्याने घर नीट पाहिलेलं असतं. 'जेवढं लागेल तेवढं' हे उत्तर आलं की मी गृहीत धरतो, आकडा छोटा आहे.

खरवडण्यावर एवढा खर्च का, तर जुन्या घरावर रंगाचे दहा-बारा थर असतात. खालचे तेलरंगाचे. तेलरंग वर्षानुवर्षं कडक होत जातो, काचेसारखा. लाकूड मात्र ओलावा कमी-जास्त झाला की फुगतं-आकसतं, ते काही थांबत नाही. इथे जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ च्या आसपास जातं आणि जुलैत ऊन भाजून काढतं. कडक थराला लाकडाबरोबर हलता येत नाही, तडा जातो, तड्यात पाणी शिरतं, गोठतं आणि थर उचलतं. वर दिलेला नवा लॅटेक्स, म्हणजे पाण्यावर बनवलेला रंग, वाळताना आकसतो, तो आणखी ओढ देतो. नवा रंग जुन्याला घट्ट धरून असतो, पण जुनाच लाकडाला धरून नसतो. म्हणून पोपडा निघतो तेव्हा बाराच्या बारा थर एकदम, जाड पुठ्ठ्यासारखे.

तुमच्या तीन 'बऱ्या' भिंती खरंच बऱ्या आहेत का, ते पाच मिनिटांत कळेल. धारदार कटरने रंगावर फुलीसारखे दोन काप घ्या, लाकडापर्यंत. वर चांगली चिकटणारी टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेप स्वच्छ आली तर तिथे धुऊन, हलकं घासून वरून रंग द्या, खरवडायचे पैसे वाचले. टेपला रंग चिकटून आला तर तिथे कितीही भारी रंग लावा, तो जाणारच. प्रत्येक भिंतीवर तीन-चार जागी करा, एक जागा खिडकीच्या खाली. पण टेप लावण्याआधी पुढचा परिच्छेद वाचा.

तो शिशाचा. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. सरकारी पाहणीत १९४० पूर्वीच्या शंभरातल्या ८७ घरांत कुठे ना कुठे शिशाचा रंग सापडला. तुमचं घर १९२४ चं, तेव्हा तपासणी जरूर करा, पण तोवर आहे असंच धरा. कटरने काप घेताना खाली ओला कागद ठेवा, तुकडे त्यात गुंडाळून टाका, हात धुवा आणि मुलीला घरात ठेवा.

पर्यावरण खात्याचा, ईपीएचा, नियम २०१० पासून लागू आहे: १९७८ पूर्वीच्या घरात बाहेरच्या बाजूने २० चौरस फुटांपेक्षा जास्त रंग उखडायचा असेल तर पैसे घेऊन काम करणारी कंपनी प्रमाणित हवी. भिंतीपासून दहा फूट प्लॅस्टिक अंथरायचं. वीस फुटांच्या आतल्या खिडक्या-दारं बंद. उघडी ज्योत नाही, हेपा व्हॅक्यूम न जोडलेलं घासायचं मशीन नाही. आणि शेजाऱ्याची हद्द दहा फुटांच्या आत असेल तर उभा आडोसाही हवा. तुमच्या भागातले प्लॉट साधारण ४० फूट रुंद, घर २८ फूट. दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट उरले, म्हणजे उत्तर-दक्षिण दोन्हीकडे आडोसा आलाच. माझे ते २४ तास यातच जातात. ९,८०० च्या कागदावर प्लॅस्टिकचा, शिशाचा, प्रमाणपत्राचा उल्लेख नसेल, तर रंग कितीही टिको, मुलगी असलेल्या घरात त्या माणसाला मी स्क्रेपर लावू देणार नाही. प्रमाणपत्राची प्रत आणि कामगारांच्या विम्याचा कागद मागा. देणारे न कुरकुरता देतात.

आणि हो, भिंतीला लागून मेथी-कोथिंबीर लावली असेल, तर यंदा तिथली खाऊ नका. शंभर वर्षांत गळालेला रंग पागोळ्यांच्या त्या पट्ट्यातच साठलेला असतो. घरापासून दूर, बाहेरून आणलेली माती भरलेल्या वाफ्यात लावा. मुलीच्या रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या, साधी असते. हेनेपिन काउंटीकडे (मिनिआपोलिस तिच्यातच येतं) लहान मुलं असलेल्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांना शिशाच्या कामासाठी मदतही मिळते. फोन करून बघायला काय जातंय.

आता उत्तरेची भिंत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला दोन गोष्टी दिसल्या. एक, पोपडे सगळीकडे सारखे नाहीत, वरच्या मजल्यावरच्या छोट्या खिडकीच्या भोवती आणि खाली सर्वांत जास्त आहेत. ती छोटी खिडकी बाथरूमची असणार. दोन, त्या फळ्यांवर एका ओळीत, दीड-दीड फुटावर, दोन इंची गोल बुचं आहेत. ती बुचं म्हणजे १९७० च्या दशकात, तेल महागल्यावर, कोणीतरी फळ्यांना भोकं पाडून भिंतीच्या पोकळीत कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन फुंकलंय त्याच्या खुणा. घर ऊबदार झालं, फळ्या मात्र जास्त थंड राहायला लागल्या. आधी घरातली ऊब भिंतीतून झिरपून फळ्यांना वाळवत होती, ती आता पोचत नाही.

जानेवारीत आत २१ अंश, बाहेर उणे २०. आतली हवा दमट असेल तर वाफ जुन्या गिलाव्यातून, स्विचबोर्डांच्या फटींतून बाहेरच्या दिशेने निघते. १९२४ च्या भिंतीत तिला अडवणारा थर नाही. ती थंड फळीच्या मागच्या बाजूला पोचते आणि तिथे गोठून दहिवर होऊन बसते. मार्चमध्ये ते वितळतं, लाकूड मागून भिजतं, पुढून ऊन पडतं, पाणी रंगाला ढकलत बाहेर यायला बघतं. उत्तरेला ऊन कमी, म्हणून वाळतही नाही.

खात्री करायची असेल तर एखादा फुगा शोधा, अजून न फुटलेला. कटरने उघडा आणि मागे बघा. मागे कोरं लाकूड दिसलं तर पाणी मागून आलंय. मागे जुना रंग दिसला तर थर एकमेकांना धरत नाहीयेत, ते दुखणं वेगळं. गेल्या वर्षी सेंट पॉलला एका घरी असाच फुगा कापला तर आतून पाण्याचा थेंब ओघळून माझ्या मनगटावर आला. लाकडात ओलावा मोजायचा मीटर खुपसला, २२ टक्के. पंधराच्या खाली आल्याशिवाय मी प्रायमर लावत नाही. त्या घरी बाथरूमचा पंखा होता, आवाजही करायचा, पण त्याची नळी पोटमाळ्यात नुसती उघडी सोडलेली. त्या बाईंनी आठ वर्षांत तीच भिंत दोनदा रंगवून घेतली होती.

तेव्हा रंगाच्या आधी वाफेचं बघा. बाथरूमच्या पंख्याची नळी छपरातून किंवा भिंतीतून बाहेर नेऊन घ्या. माणूस बोलावून करायचं तर सहाशे ते दीड हजार डॉलर. स्वयंपाकघरातला पंखा बाहेर फेकतो का नुसती हवा गाळून तोंडावर सोडतो ते पाहा. आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, उकळणारं वरण, इडलीचं भांडं, हिवाळ्यात आत वाळत घातलेले कपडे, वर मुलीच्या खोलीत ह्युमिडिफायर, असं सगळं एकदम चाललेलं असतं. ओठ फुटतात म्हणून ह्युमिडिफायर ४५ टक्के आर्द्रतेवर ठेवतात. कडाक्याच्या थंडीत, उणे २० ला, आत २५ टक्क्यांच्या आसपासच असावं. पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक आणून ठेवा. खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळत असेल तर भिंतीतही तेच चाललंय.

पोटमाळ्यात चढाल तेव्हा एक सांभाळा. खाली अभ्रकासारखे चमकणारे, खड्यांसारखे हलके दाणे पसरलेले दिसले तर हात लावू नका, तसंच खाली उतरा. ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे जुन्या काळी वापरलेलं एक इन्सुलेशन, असू शकतं. त्यातलं पुष्कळसं मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेलं आणि त्यात ॲस्बेस्टॉस आहे. आधी तपासणी, मग पंखा.

कॉल्कबद्दल एक. काही रंगारी उत्साहाने प्रत्येक फट बुजवतात, प्रत्येक आडव्या फळीची खालची कडसुद्धा. ती कड उघडीच राहायला हवी, मागचं पाणी तिथूनच निघतं. बाहेरच्या स्टॉर्म खिडक्यांच्या (थंडीसाठी मूळ खिडकीवर लावलेल्या जादा खिडक्यांच्या) तळाशी असलेली बारीक भोकंही तशीच. ती बुजवली की उंबरठा कुजतो, आणि मग सुताराचे २४ तास कुठून आले ते कळतं.

कधी करायचं? मे मध्यापासून सप्टेंबरअखेर. नव्या रंगांच्या डब्यांवर दोनेक अंशांपर्यंत चालतो असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही, पण ते तापमान भिंतीचं, आणि रात्रीचंही. माझ्या स्वतःच्या धंद्याच्या दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात मी एक भिंत घेतली. दुपारी २१ अंश, आभाळ निरभ्र, म्हटलं संपवूनच टाकू. साडेचारपर्यंत ब्रश चालवला. रात्री दोन अंश आणि दव. सकाळी भिंतीवर साबणाच्या पाण्यासारखे तपकिरी ओघळ. ते धुऊन निघाले, पण रंगाने पकड घेतली नव्हती ती नव्हतीच. दुसऱ्या उन्हाळ्यात पूर्ण भिंत सुटली. अकरा माणूस-दिवस, माझ्या खर्चाने. तेव्हापासून सप्टेंबरात आम्ही तीनला ब्रश ठेवतो, मालक कितीही म्हणो.

तुमच्या बजेटात कसं बसवायचं ते. पूर्ण घर एका दमात करायलाच हवं असं नाही. मी या मे महिन्यात पंखा आणि पन्हाळी दुरुस्त करून घेईन, उत्तरेची भिंत जूनभर वाळू देईन, जुलै-ऑगस्टमध्ये फक्त तीच भिंत पूर्ण खरवडून, तेलाचं प्रायमर आणि वर अ‍ॅक्रिलिकचे दोन हात. ६४० चौरस फूट, आडोशासकट सात-आठ हजार. लाकूड उघडं पडलं की प्रायमर त्याच आठवड्यात. दोन-तीन आठवडे ऊन खाल्लेल्या कोऱ्या लाकडावर रंग नीट बसत नाही. बाकीच्या तीन भिंती टेपने पास झाल्या तर पुढच्या वर्षी धुऊन आणि रंगवून, नाही झाल्या तर एकेक करून. टप्प्याने केलं की मचाण दोनदा लावावं लागतं, त्याचे हजार-दोन हजार जास्त जातात. पण उत्तरेची भिंत एक हिवाळा काढते का, ते बाकीचे पैसे घालण्याआधी कळतं.

'आम्हीच केलं तर?' असंही विचारलंत. आपल्या राहत्या घरात मालकाने स्वतः केलं तर तो नियम लागू होत नाही. शिसं मात्र तेवढंच उडतं. मुलगी मोठी असती तर मास्क, प्लॅस्टिक, ओलं घासणं सगळं शिकवलं असतं. दोन वर्षांच्या मुलीचे हात दिवसभर तोंडात असतात. खरवडायचं काम दुसऱ्याला द्या. झुडपं भिंतीपासून दोन फूट छाटणं, पन्हाळींचं पाणी लांब सोडणं, स्टॉर्म खिडक्या उतरवून ठेवणं हे तुम्ही करा आणि कोटेशनमधून तेवढं वजा करून मागा. माझ्याकडे तरी पाच-सहाशे डॉलर सुटतात.

मधल्या माणसाला आधी फोन करा. फक्त उत्तरेची भिंत, दोन हात, खिडक्यांसकट, आणि खरवडण्याचे तास लिहून, असं नवं कोटेशन मागा. एप्रिल अर्धा झालाय, चांगल्या लोकांचा जुलै आताच भरत आलेला असतो. आणि फोन लागेपर्यंत टॉर्च घेऊन पोटमाळ्यात जा, पंख्याची नळी कुठे जाते ते बघून या.